आजींच्या ओळखीचं कोणी नको

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आजपासून ही रोजनिशी. बोलणार मी, लिहिणार सूनबाई. मला अक्षर येत नाही आणि तिला नाही म्हणता येत नाही, त्यामुळे जोडी बरी जमली आहे. दिवसभर ती दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसून लोकांची नावं आणि दुखऱ्या दाढा लिहून घेते, तेव्हा हात बसलेला आहे. अट एकच घातली आहे: मी बोलेन तेच लिहायचं, तिच्याबद्दल असलं तरी. पदरचं काही घालायचं नाही आणि इथलं काही दुसऱ्याच्या कानावर घालायचं नाही. ती म्हणाली, "आई, सांगत तर तुम्हीच सुटता सगळ्यांना." हेही लिही म्हटलं.

इतकी वर्षं न लिहिता गेली, मग आताच हे खूळ का, असं माझ्या मुलानं विचारलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. मध्येच काही सुरू झालं किंवा बंद पडलं की कारण विचारायची त्याला खोड आहे. कारण असं, की परवापासून विद्यापीठात माझ्याबद्दल लिहून ठेवणार आहेत. माझा कान, माझं डोकं, सगळं त्यांच्या कागदावर जाणार. मग माझ्याकडेही त्यांच्याबद्दल काहीतरी लिहिलेलं असायला नको का?

हे सगळं नातीपायी. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण लहानपणापासून ती एका जागी ठरत नाही. ती पीएचडी करते. तिचा विषय मला समजला तो असा: ज्या माणसानं जन्मात अक्षर ओळखलं नाही त्याच्या कानाला शब्द कसा लागतो, आणि शिकलेल्याच्या कानाला कसा लागतो. तिची शिष्यवृत्ती उन्हाळ्यात संपते. विद्यापीठानं एक नवं अनुदान काढलंय, पण ते एकट्यादुकट्याला नाही. दोन वेगळ्या विभागांनी मिळून संशोधन करायचं आणि शिकणाऱ्या मुलांना दोन्हीकडे तयार करायचं, तरच. ते मिळालं तर भिंगरीची पीएचडी पुरी होईल. नाही मिळालं तर ती जाहिरातीच्या कंपनीत जाईल, साबणांची नावं शोधायला. तिथलं बोलावणं येऊन पडलंय. माणसांना नावं ठेवण्यात मी तिला चांगली तयार केली आहे, पण साबणापायी वाया जावी असं वाटत नाही.

अर्जाआधी एक छोटा प्रयोग करून दाखवायचा आहे. त्यासाठी अक्षर न शिकलेल्या म्हाताऱ्या हव्यात. "आपल्या घरातच एक आहे," असं भिंगरी तिच्या बाईंना म्हणाली. माझ्या अडाणीपणाचं इतकं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

भाषा विभागातली खोली अगदी लहान. एक टेबल, दोन खुर्च्या, खिडकीला जाड पडदा, आणि बाहेरचा गलका आत येऊ नये म्हणून भिंतींना अंड्यांच्या खोक्यासारखं काहीतरी चिकटवलेलं. भिंगरीनं कागद वाचून दाखवला. इथे काय झालं ते बाहेर सांगायचं नाही, असं त्यात होतं. मी अंगठा दिला.

मग पोरगी एकदम परक्यासारखी बोलायला लागली. "मी एक शब्द म्हणते. त्यातला पहिला आवाज काढून टाकायचा आणि उरलेलं बोलायचं. कपाट."

"कपाटाला कसला आवाज? बिजागरी कुरकुरते तेवढीच."

तिनं हसू दाबलं आणि कागदावर खूण केली. "मांजर."

"म्यांव."

"पहिला आवाज काढून, आजी."

"पहिला म्यांव काढला तर दुसराही म्यांवच."

असं बराच वेळ चाललं. सुरुवातीला मी मुद्दाम गंमत करत होते. नंतर करत नव्हते. ती शब्द टाकायची आणि तो माझ्यापुढे अख्खाच्या अख्खा उभा राहायचा. त्याचं डोकं कुठे धरायचं आणि शेपूट कुठे, काही कळेना. शेवटी ती म्हणाली, "छान झालं आजी. अगदी हवं तसं झालं." मन राखायला कोण कसं बोलतं ते मला या वयात शिकवायला नको.

संध्याकाळी जेवले नाही. पोट जड होतं, बाकी काही नाही. सूनबाईनं मान वर करून पाहिलं. लिही म्हटलं, पाहत काय बसलीस.

रविवार, ९ फेब्रुवारी

भिंगरीला गाईड दोन. मूळच्या भाषेच्या बाई, आणि या अनुदानासाठी जोडून घेतलेले मेंदूवाले सर. सरांकडे बोगद्यासारखं यंत्र आहे. माणसाला आडवं करून आत सरकवतात, आत धडधड चालते, आणि मेंदूचा कुठला भाग कामाला लागला ते बाहेर पडद्यावर दिसतं. बाई त्या यंत्राला भट्टी म्हणतात. सर बाईंच्या चाचण्यांना गप्पा म्हणतात. दोघांच्या इमारती समोरासमोर, मध्ये एक रस्ता, आणि तो दोघांपैकी कुणीही ओलांडत नाही. भिंगरी ओलांडते. वेगळ्या चुली मांडलेल्या दोन जावांच्या मध्ये एखादी पोर निरोप पोचवत फिरते, तसं तिचं शिक्षण चाललंय.

अर्जात एक प्रश्न आहे म्हणे: दुसऱ्या विभागाकडून तुम्ही काय शिकाल? बाईंनी लिहिलं, सरांच्या विभागाला आमच्याकडून नेमके प्रश्न विचारायला शिकता येईल. सरांनी लिहिलं, भाषा विभागाला आमच्याकडून मोजायला शिकता येईल. भिंगरी आज दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून कपाळ चोळत होती.

"आणि तू काय शिकलीस?" मी विचारलं.

"रस्ता ओलांडायला," ती म्हणाली.

प्रयोगाला आणखी बायका हव्या आहेत. मी म्हटलं, ते माझ्यावर सोड.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आमच्या इमारतीखाली लाँड्री आहे. तिथली इस्त्रीवाली आणि मी दुपारच्या मैत्रिणी. हॉस्पिटलच्या दारात फुलं विकणारी फुलवालीही दुपारी तिच्याकडे पाय सोडून बसायला येते, शिवाय आणखी दोघी. अक्षराच्या बाबतीत आम्ही सगळ्या एका माळेतल्या. मी विचारल्यावर सगळ्या तयार झाल्या, पण फुलवाली घाबरली.

"परीक्षा आहे का गं? नापास झालो तर तुझ्या नातीचं नुकसान व्हायचं."

"व्हायचंच," मी म्हटलं. थोडं तर मी स्वतःच करून आले होते.

म्हणून आज शिकवणी घेतली. इस्त्रीचं टेबल मध्ये, आम्ही भोवती, आणि तापलेल्या कापडाचा वास. मी शब्द म्हणायचा आणि टाळी वाजवायची. टाळीवर पहिला आवाज गिळायचा, उरलेला तोंडाबाहेर काढायचा. ही युक्ती मला परवा दुपारी आडवी पडले असताना सापडली. "कपाट, कपाट" करत होते, तर कपाटातून एकदम पाट निघाला आणि मी उठून बसले. भिंगरीनं विचारलेले शब्द मला सगळे पाठ आहेत, तेही ओळीनं. ज्याला लिहून ठेवता येत नाही त्याला लक्षात ठेवावं लागतं.

इस्त्रीवालीनं पटकन उचललं. ती टाळीऐवजी इस्त्रीच आपटते. फुलवाली मात्र "मांजर" म्हटलं की मांजराची चौकशी करायला लागते, कुणाचं, किती पिल्लं. इथे माझी दमछाक झाली.

लिहिता लिहिता सूनबाईनं पेन थांबवलं. "आई, हे चालतं का? बाहेर बोलायचं नाही असं होतं ना?"

"बाहेर म्हणजे परक्यांत. इस्त्रीवाली परकी आहे का? तुझ्या लग्नातले कपडे तिच्या हातचे होते."

तिनं पेन टेकवलं. टेकवलं आणि लिहिलं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

शिकवणी. फुलवालीचं डोकं जड आहे, पण ती कष्टाळू आहे. शब्दांवरून जमत नाही म्हणून नुसती उत्तरंच ओळीनं पाठ करते. काय वाईट आहे, म्हटलं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

इस्त्रीवालीचं आणि बाकी दोघींचं झालं. बोगद्यातही जाऊन आल्या. इस्त्रीवाली म्हणाली, आत तिच्या लाँड्रीतल्या मोठ्या मशीनपेक्षा जास्त दणदणाट आहे आणि कपडे मात्र एकही धुऊन निघत नाही.

भिंगरी घरी आली ती गोंधळलेली. तिघींचीही सगळी उत्तरं बरोबर. सर म्हणे खुर्चीवरून उठून उभे राहिले. जगात आजवर असं कुणालाच सापडलेलं नाही, म्हणाले. शिकलेल्यांना जेवढं येतं तेवढं न शिकलेल्यांनाही येतं, हे अर्जात पहिल्या पानावर टाका. बाई तेवढ्या उत्तरांचे कागद पुन्हा पुन्हा चाळत राहिल्या.

"मग तुझं तोंड का उतरलंय?" मी विचारलं.

"कारण तुझं आलं नव्हतं, आजी. एकट्या तुझंच वेगळं का?"

मी म्हटलं, "मी मूळची ढ." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मग खांद्यावर डोकं टेकलं. लहानपणी टेकायची तसं. मला बरं वाटलं. साबण गेला उडत, असं मनात म्हटलं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

दुपारी फुलवाली लाँड्रीत आली ती विजयी चेहऱ्यानं. "सगळं म्हटलं. एक चुकले नाही. पण तुझी नात बघतच राहिली माझ्याकडे."

"काय विचारलं तिनं?"

"ते मी कशाला ऐकू? मी माझं म्हणत गेले."

संध्याकाळी भिंगरीकडून उरलेली हकीकत कळली. शब्दांचा क्रम या वेळी कॉम्प्युटरनं बदलला होता. फुलवालीला विचारलं "बदक", तिनं सांगितलं "पाट". विचारलं "सुतार", तिनं सांगितलं "जर". शेवटच्या शेवटच्या शब्दांना तर भिंगरीनं तोंड उघडायच्या आधीच उत्तर तयार.

"आजी," भिंगरी माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. "तू शिकवलंस ना?"

"शिकवलं. मग? तुझ्यासाठी शिकवलं. पाच जणींची उत्तरं चुकली असती तर तुझं नाक कापलं गेलं असतं."

"चुकायलाच हवी होती गं ती."

मला वाटलं थट्टा करते आहे. पण ती थट्टा करत नव्हती. तिचं सगळं म्हणणं असं की अक्षर शिकल्यावरच माणसाला शब्दाचे तुकडे सुटे सुटे ऐकू येतात. न शिकलेल्याला शब्द अख्खा ऐकू येतो. म्हणजे मी त्या दिवशी जे केलं तेच तिला हवं होतं. आणि हे आम्हाला आधी सांगता येत नव्हतं, कारण सांगितलं की प्रयोग बिघडतो.

"म्हणजे मी ढ होते ते उपयोगाचं होतं," मी म्हटलं, "आणि हुशार झाले तिथे वाट लावली."

"ढ नाही गं, आजी."

"मग काय?"

तिला पटकन शब्द सापडेना. भाषेत पीएचडी करते.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

मला राग आलाय, पण कुणावर काढायचा ते ठरत नाही. सूनबाईवर काढून पाहिला. "तुला कळलं होतं, मग बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "आई, मला फक्त वाटलं होतं. कळलं नव्हतं. आणि तुम्ही इतक्या दिवसांनी पोटभर जेवत होतात."

भिंगरी आज दिवसभर बोलली नाही. रागावली असं नाही. माझ्यासाठी कपात चहा ओतला, गाळणी विसळून जागेवर ठेवली, सगळं नीट. ती एवढं नीट वागायला लागली की मला धडकी भरते. आता दोन्ही गाईडना सांगणार म्हणते. अर्ज द्यायची वेळ जवळ आली आहे आणि दाखवायला काही उरलं नाही.

सोमवार, ३ मार्च

मी हट्टानं बरोबर गेले. इस्त्रीवाली आणि फुलवालीही आल्या. आमच्यामुळे पोरीनं एकटीनं बोलणी का खावी? बाईंची तीच लहान खोली, आणि सर चक्क रस्ता ओलांडून आलेले. त्यांना खुर्ची पुरली नाही, म्हणून ते पडद्याशी उभे.

भिंगरीनं सगळं सांगितलं. काही झाकलं नाही आणि माझ्यावर ढकललंही नाही. "आजीच्या मैत्रिणी घेतल्या ही माझी चूक," म्हणाली.

सर म्हणाले, "आजी, यंत्राची वेळ फुकट गेली. त्या वेळेसाठी दुसरी मुलं थांबली होती." ते तावातावानं बोलले असते तर मी उत्तर दिलं असतं. ते हळू बोलले. मी मान खाली घातली.

बाई मात्र हसायला लागल्या. आधी नाकातून, मग डोळे पुसत. "टाळी वाजवून?" त्यांनी विचारलं. "दाखवा बरं."

मी टाळी वाजवली. बाईंनी फुलवालीला एक नवाच शब्द दिला. फुलवाली माझ्याकडे बघून म्हणाली, "हा शिकवला नव्हता." मग इस्त्रीवालीला दिला. तिच्या हाताशी इस्त्री नव्हती, म्हणून तिनं टेबलावर मूठ आपटली आणि बरोबर सांगितलं. बाईंचं हसू थांबलं. त्यांनी दुसरा दिला, मग ज्याला काही अर्थच नाही असा तिसरा. मूठ, उत्तर. मूठ, उत्तर.

"पुन्हा," सर म्हणाले. ते पडद्यापासून कधी पुढे आले कळलं नाही.

पुन्हा झालं. सरांनी बाईंना विचारलं, "शिकवण्याआधी यांना येत होतं का?"

"आधी कुणी पाहिलंच नाही."

"मग यातून काही सिद्ध होत नाही."

"काहीच नाही," बाई म्हणाल्या.

हे दोघांचं पहिलं एकमत. भिंगरीचा चेहरा पडला, पण ती दोघं उठली नाहीत. बाईंनी कोपऱ्यातली पुस्तकं खाली काढली, त्या स्टुलावर सर बसले, आणि दोघं एकाच कागदावर रेघा मारायला लागले. अक्षर न शिकवता नुसतं कानाला शिकवलं तर काय बदलतं. आधी मोजायचं, मग शिकवायचं, मग पुन्हा मोजायचं. कोण शिकवणार, कुठल्या यंत्रात घालणार. मला एवढंच कळलं, की आता ते माझ्यावर रागावले नव्हते आणि माझ्याशी बोलतही नव्हते. दुसरं मला फारसं आवडलं नाही.

इस्त्रीवाली परत येताना मुठीकडे बघत होती. म्हणाली, "एवढे कपडे केले, पण कुणी पुन्हा म्हटलं नव्हतं."

शनिवार, ८ मार्च

घरात आज कडाक्याचं भांडण, आवाज न चढवता. आमच्याकडे अशीच होतात.

झालं असं, की अर्ज नव्यानं लिहिलाय, आणि बिघडलेल्या प्रयोगाचं काय करायचं यावर अडलंय. सर म्हणतात, गाळून टाक. बाई म्हणतात, गाळून टाक. नवा प्रश्न चांगला आहे, जुनी घाण कशाला दाखवायची. दोघांचं हे दुसरं एकमत, तेही यावर. आणि भिंगरी म्हणते, नाही, सगळं लिहायचं. शिकवणी, टाळी, फुलवाली, सगळं.

मी त्या दोघांच्या बाजूची. मी म्हटलं, "झाकून टाक. कोण विचारतंय? पाहुणे यायच्या आधी आपण पसारा पलंगाखाली सरकवतो, तो काय खोटेपणा असतो?"

"उद्या यातून मिळालेल्या पैशावर मी शिकणार, आजी. मग रोज पलंगाखाली बघत बसू?"

"आणि मिळालेच नाहीत तर?"

"तर साबण."

माझा मुलगा म्हणाला, "लिफ्ट कुठे अडकली होती ते सांगितलं नाही, तर पुढचा माणूस त्याच मजल्यावर अडकतो." त्याला कुणी विचारलं नव्हतं. सूनबाईही पोरीच्या बाजूची, हे तिच्या अक्षरावरून कळतं; आज ठासून लिहिते आहे.

मी एकटी पडले. तरी माझं मत बदललेलं नाही, हे इथे लिहून ठेवते. प्रामाणिकपणा चांगला, पण तो दुसऱ्याच्या नातीनं करावा.

बुधवार, १२ मार्च

अर्ज गेला. तिघांच्या सह्या आहेत. शेवटी सर म्हणाले, "नाव तुझंही आहे, तर तुझ्या म्हणण्यासारखं." बाईंनी फक्त एक वाक्य बदललं: "प्रयोग फसला" याऐवजी "प्रयोग असा फसला". काय फरक पडला मला कळलं नाही. भिंगरी म्हणते, खूप.

सोमवार, २१ एप्रिल

समितीपुढे मुलाखत झाली. एक लांब टेबल, पलीकडे समिती, अलीकडे भिंगरी मध्ये आणि दोन्ही बाजूंना गाईड. यंत्राबद्दल कुणी विचारलं नाही, भाषेबद्दलही नाही. सगळे प्रश्न त्या एकाच पानावर. एकानं विचारलं, "या आजी कोण?"

"माझ्याच," भिंगरी म्हणाली.

एकीनं म्हणे पाणी मागवलं.

"हसले का?" मी विचारलं.

"तोंडावर हात ठेवले होते. त्याखाली काय होतं माहीत नाही."

माझा जीव टांगणीला लागलाय. जाहिरातवाल्यांचा आज पुन्हा फोन आला. भिंगरी त्यांना म्हणाली, थोडं थांबा. हल्ली ती संध्याकाळी खिडकीत नुसती बसून असते. भिंगरी अशी थांबलेली मला बघवत नाही. मी पलंगाखालच्या पसाऱ्याबद्दल अवाक्षर काढत नाही, आणि त्याचे कष्ट कुणालाही दिसत नाहीत.

मंगळवार, १७ जून

मिळालं.

भिंगरीची जागा राहिली, आणि दोन्ही विभागांत एकेक नवा विद्यार्थी. त्यांनी आधी समोरच्या इमारतीत काम शिकायचं, मग आपल्या. सर आणि बाई आता आठवड्यातून एकदा एकत्र बसतात आणि भांडतात. भिंगरी म्हणते, ती भांडणं ऐकणं हाच तिचा अभ्यासक्रम.

पण समितीनं एक अट घातली आहे. सूनबाईनं दोनदा वाचून दाखवली. नवीन प्रयोगात घ्यायच्या बायका शहराच्या दुसऱ्या टोकाकडच्या असाव्यात आणि संबंधित आजींच्या ओळखीचं कोणी नसावं.

"संबंधित आजी म्हणजे मी?"

"तुम्हीच, आई."

विद्यापीठाच्या कागदावर माझी दखल घेतली गेली, ती अशी. मी म्हटलं, शहराच्या दुसऱ्या टोकाला माझ्या मावशीची नणंद राहायची, तिकडे माझ्या ओळखी कमी समजू नका. भिंगरीनं हात जोडले.

लाँड्रीत सांगितलं. फुलवालीनं भिंगरीसाठी फुलं दिली, आणि विचारलं, "म्हणजे आपण पास?" मी हो म्हटलं.

गुरुवार, १० जुलै

भिंगरी सकाळी चष्मा घरी विसरून गेली. सूनबाई दवाखान्यात, मुलगा कुठल्यातरी मजल्यावर. तेव्हा मीच निघाले. मला तिथे जायची बंदी नाही, बोलायची आहे.

खोलीचं दार बंद होतं. बाहेरच्या बाकावर एक बाई बसली होती. माझ्याच वयाची. बसच्या डेपोत झाडलोट करते म्हणाली. दोन बस बदलून आली होती, अंगावर ठेवणीतले कपडे, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळून घट्ट धरलेलं. मी शेजारी बसले.

"तुमचं झालं का आत?" तिनं विचारलं.

"कधीच."

"काय विचारतात हो? मला शाळा नाही. घरून निघाले तेव्हापासून हातपाय गार आहेत."

सगळे शब्द माझ्या जिभेवर येऊन उभे राहिले. हात तर आपोआप वर आले होते, टाळीला. ते मी मांडीखाली दाबून ठेवले. एवढंच सांगायचं होतं, की बाई, घाबरू नका. पण घाबरू नका म्हटलं तर कशाला, हेही सांगावं लागतं, आणि एकदा सुरू झाले की माझं मला थांबता येत नाही.

"तुमचे गुडघे कसे आहेत?" मी म्हटलं.

गुडघ्यांवर पुष्कळ बोलणं झालं. तिचा डावा, माझे दोन्ही. तिच्या बोटाचा पदर सैल झाला. तेवढ्यात दार उघडलं आणि भिंगरी बाहेर आली. बाकावर आम्ही दोघी अशा खेटून बसलेल्या बघून तिचा रंगच उडाला. मी चष्मा पुढे केला. तिनं तो घेतला, डोळ्यांवर चढवला, माझ्याकडे नीट पाहिलं. मग त्या बाईला म्हणाली, "या मावशी, आत या." आणि दार लावून घेतलं. मला काही विचारलं नाही.

मला घरी जाता आलं असतं. बसून राहिले.

बऱ्याच वेळानं ती डेपोवाली बाई बाहेर आली, खाली बघत. "एकही जमलं नाही मला," म्हणाली. "पोरीचा दिवस फुकट घालवला." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिला बरं वाटेल असं एक वाक्य माझ्यापाशी होतं, आणि खरंही होतं. पण तिला अजून पुन्हा यायचंय, शिकायचंय, पुन्हा मोजून घ्यायचंय. मी ते गिळलं. तिला कँटीनमध्ये नेलं, चहा पाजला, तिच्या बसपर्यंत सोडलं. वाटेत ती तिच्या मुलांबद्दल बोलत होती आणि मी नुसती हं हं करत होते. माझ्या ओळखीच्या कुणी पाहिलं असतं तर डॉक्टर बोलावला असता.

भिंगरी संध्याकाळी आली, जेवली, आणि उद्याची बाई कुठून येणार ते तिच्या आईला सांगत बसली. माझ्यासमोरच. आवाज न उतरवता.

आता सूनबाई पेन थांबवून विचारते, "आई, खरंच काही बोलला नाहीत?"

लिही म्हटलं: पोरीनं विचारलं नाही, हिनं विचारलं.